दूध उतू जाईना

दूध काठापर्यंत चढलं, सगळ्यांनी श्वास रोखला, आणि नेमका तेव्हाच सरोजिनीबाईंनी गॅस बंद केला.

फुगलेलं दूध गपकन खाली बसलं. "आई!" अरविंद ओरडला. गुरुजींनी कपाळाला हात लावला. कारेलीबागेतल्या नव्याकोऱ्या फ्लॅटची आज वास्तुशांत. घरातल्या थोरल्या बाईच्या हातून दूध उतू गेलं पाहिजे, म्हणजे घर कायम भरलेलं राहतं, असं गुरुजींनी सकाळीच बजावलं होतं. मुहूर्त आता टळत आला होता.

"मी नाही रे केलं," सरोजिनीबाई ओशाळून म्हणाल्या. "हातानंच केलं."

हात तरी काय करणार बिचारा! उभा जन्म नागरवाड्यात भाड्याच्या दीड खोलीत गेला. दूध मोजकं, माणसं उदंड, आणि भिंतीपलीकडे गुजराती घरमालकीण मणिबा. दूध उतू गेलं की वास आधी मणिबांच्या नाकाला कळे, आणि खणखणीत हाक येई, "केम सरोजबेन, दूध उभरायुं?" उतू गेलं का, एवढंच त्या विचारायच्या, पण नव्या नवरीला मेल्याहून मेल्यासारखं होई. तेव्हापासून बाईंनी दुधावर अशी नजर बसवली, की शेजारणी आपलं पातेलं त्यांच्या भरवशावर टाकून खुशाल खंडेराव मार्केटात भाजीला जात.

सुनेनं, प्रतिमानं, पुन्हा गॅस पेटवला. या वेळी बाईंनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. दूध चढलं, साय थरथरली, काठ आला. आणि बाईंनी गाल फुगवून जोरात फुंकर मारली.

बाहेरच्या खोलीपर्यंत हशा पिकला. नागरवाड्याहून खास रिक्षानं आणलेल्या मणिबा तेवढ्या खुर्चीत गप्प होत्या. त्यांचे कान केव्हाच गेले होते. बाईही सगळ्यांबरोबर हसल्या, पण मनात येऊन गेलंच. एवढ्या वर्षांनी स्वतःचं घर झालं, आणि आपणच त्याला अपशकुन करतोय की काय!

"आई, हात माझ्या हातात द्या," प्रतिमा म्हणाली. "आणि पदर धरा तोंडात."

तिसऱ्यांदा दूध वर आलं. बाईंनी पदर दातांत गच्च आवळला, डोळे मात्र मिटले नाहीत. काठावर ते जरासं थबकलं आणि मग भसाभसा उतू गेलं. शेगडीवर चर्र झालं. चकचकीत ओट्यावरून पांढरा ओघळ पूर्वेच्या खिडकीकडे धावला, करपट वास घरभर सुटला.

नव्या शेगडीच्या काळजीनं प्रतिमाचा हात बटणाकडे गेला. तो बाईंनी वरच्या वर पकडला.

"थांब गं. अजून थोडं जाऊ दे."

तेवढ्यात बाहेरून हाक आली. कान गेले, तरी नाक शाबूत होतं.

"केम सरोजबेन, दूध उभरायुं?"

बाईंनी तोंडातला पदर सोडला आणि अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "उभरायुं, मणिबा! घर भरीने उभरायुं!"