जप्त केलेली पुडी

धीरजच्या पेटीत दोन गणवेश, सात वह्या आणि आठशे ग्रॅम सुक्या बोंबलांची गाठ मारलेली पुडी निघाली. प्रयोगशाळेच्या काट्यावर हिमानी मॅडमनीच वजन केलं.

प्रवेश परीक्षेतून निवडलेल्या मुलांची ती शाकाहारी निवासी शाळा. वसतिगृहात रात्री मासळी भाजल्याचा वास येतो, अशी तक्रार महिनाभर होती.

"सापडला चोर! सातपाटीच्या कोळीवाड्यातली पोरं ती, जीभ कुठं ऐकते?" रेक्टर कमलाकांत सर म्हणाले. "उद्या मुख्याध्यापकांसमोर याचं नाव कमी करायचं."

"आयनं मामासाठी दिलेत, सर. मी एक पण नाय खाल्ला." धीरजला रडू फुटलं.

मॅडमनी पुडीची गाठ निरखली. ती अजून सुटलेलीच नव्हती. मग रोज भाजत होतं कोण?

सरांनी पुडी स्वतःच्या खोलीतल्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि एकुलती एक किल्ली खिशात टाकली.

सकाळी मुख्याध्यापकांनी दाखल्यावर सही करायला पेन उघडलं, तेव्हा सरांनी कपाटातून आणलेली पुडी उचलत मॅडम म्हणाल्या, "एक मिनिट, सर. पुन्हा वजन करते."



सहाशे चाळीस ग्रॅम.