वरच्या मजल्याचं बोचकं

धुवायच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि पंचशीलाच्या बोटांना काहीतरी ओलसर, चिकट लागलं. तिनं हात बाहेर काढला. तंबाखूचा चोथा गुंडाळून ठेवलेला रुमाल. घडी उलगडली तसा मोरीभर आंबूस वास सुटला.

रुमाल तिच्या घरातला नव्हता. वरच्या मजल्यावरच्या द्वारकावहिनींच्या नवऱ्याचा, धर्माचा होता. नवघर गावातलं ते जुनं जमीनवालं घर. त्यांच्या भाताच्या खाचरावर ही बिल्डिंग उभी राहिली, तेव्हा वरचे फ्लॅट त्यांच्या वाट्याला आले. पावसाळ्यात जिन्यावरून घसरून वहिनींचा उजवा हात मोडला. घरात नवरा आणि दोन थोराड मुलगे, पण कपड्यांना हात लावील असा एक नाही. पंचशीलाकडे नुकतंच वॉशिंग मशीन आलं होतं. ती आपणहून वर गेली आणि म्हणाली, "प्लास्टर निघेपर्यंत कपडे माझ्याकडे द्या, वहिनी."

तेव्हापासून बोचकं येत होतं. वहिनी ते उंबऱ्याबाहेर ठेवायच्या. "या ना आत, चहा टाकते," म्हटलं की "आताच पिऊन आले गो बाय" म्हणत जिना चढू लागायच्या. बुद्धाच्या तसबिरीखालच्या खुर्चीत त्या एकदाही टेकल्या नव्हत्या. पंचशीलानं ते कधी मनावर घेतलं नव्हतं. बाईला घाई असेल, हात दुखत असेल.

बोचक्याची गाठ सोडताना मात्र तिला श्वास रोखून धरावा लागे. नव्या लाल परकरात कोंबलेले पांढरे सदरे, त्यातच पायपुसणं, त्यातच मासळीचे हात पुसलेलं फडकं. कॉलरी काळ्या, काखा पिवळ्या आणि घामानं कडक झालेल्या. ती सगळं वेगळं करायची. खिसे उलटे करून झटकायची. कॉलरींना साबण चोळून ठेवायची. नगरपालिकेचं पाणी दिवसाआड यायचं, तेही करंगळीएवढं. पिंपात साठवलेलं तेच पाणी ती बादलीनं मशीनमध्ये ओतायची.

"अगं, टाक की सगळं एकत्र," उदय, तिचा नवरा, दारातून म्हणाला. "लोकांच्या कपड्यांसाठी एवढं कोण करतं?"

"परकराचा रंग जातोय. सदरे गुलाबी होतील."

"होऊ देत."

"हात मोडलाय रे बाईचा," ती म्हणाली आणि रुमाल चिमटीत धरून पाण्यात बुडवला. पाणी विटकरी झालं. शिवणीत अडकलेला चोथा तिनं नखानं खरवडून काढला. ओकारी आली, ती गिळली, आणि रुमाल पुन्हा चोळला.

दुपारी स्वच्छ पिळून निघालेले कपडे तिनं बादलीत भरून वरच्या दारात नेऊन दिले. मग स्वतःचे कपडे वाळत घालायला ती गच्चीवर गेली.

द्वारकावहिनी पाठमोऱ्या उभ्या होत्या. उजवा हात गळ्यातल्या झोळीत. डाव्या हातानं त्या एकेक कपडा पाण्याच्या बादलीत बुडवत होत्या आणि तसाच निथळता दोरीवर टाकत होत्या. पंचशीलाला ओशाळल्यासारखं झालं.

"साबण राहिला का हो वहिनी? सांगायचं ना. मी पुन्हा खळबळून दिले असते."

वहिनी दचकल्या. "न्हाय गो बाय. साबन न्हाय."

"मग?"

वहिनींनी बादलीकडे पाहिलं. "तू मनाला लावून घेव नको. आमच्या घरान देव हाय ना. तुमच्या घरातशी आलेलं पान्यातशी काढल्याबिगर आत न्हेत न्हाय आमी. पयल्यापासून तसाच हाय. तू सोताला चांगली हाय, तुझा काय न्हाय त्यान."

"दरवेळी हेच करता?"

वहिनींनी पुढचा सदरा बादलीत बुडवला. दोरीच्या टोकाला तो रुमाल लटकत होता, पांढराशुभ्र. तंबाखूनं तो बाटला नव्हता. थुंकीनं बाटला नव्हता. ज्या हातांनी तो धुतला, त्या हातांनी बाटला होता.

पंचशीलानं आपली भरलेली बादली उचलली आणि ती तशीच खाली आली. कपडे घरातल्याच दोरीवर टाकले. संध्याकाळी जेवणाचा घास तिला गेला नाही. उदयनं काय झालं विचारलं, तर "पित्त" म्हणाली.

पुढच्या पाण्याच्या दिवशी वहिनी पुन्हा उंबऱ्यापाशी आल्या. बोचकं खाली ठेवलं. आत मशीन घरघरत होतं. पंचशीला शेजारी स्टुलावर बसली होती, कोपरापर्यंत हात ओले.

"आज बिगीनं लावलीस मशीन? आमचंबी बसल ना त्यान?"

"आत कपडे नाहीत, वहिनी."

"मग काय धुतंस?"

"मशीन," पंचशीला म्हणाली. "तुमचे कपडे घातले होते ना यात."

वहिनींचा चेहरा कानापर्यंत तापला. त्यांनी डाव्या हातानं बोचकं उचललं. ते जड होतं, पायरीवर आपटत वर गेलं. पंचशीला उठली नाही.

आवाज थांबल्यावर तिनं मशीन बंद केलं. मन हलकं होईल असं तिला वाटलं होतं. पिंप पार तळाला गेलं होतं. तिनं मशीनचा पाइप मोरीत सोडला. त्यातून पाणी आलं ते पिण्याच्या पाण्यासारखं नितळ होतं, आणि कितीतरी वेळ येतच राहिलं.