सात शिटांची गाडी

बहिरूने दोन्ही गाड्या म्हस्कूच्या अंगणात आणून लावल्या आणि आधी सात शिटांच्या गाडीत सगळ्यांनी बसून बघा म्हणाला. बसल्याशिवाय गाडी कळत नाही, असं त्याचं म्हणणं. जुन्या गाड्यांचा एजंट तो, दिवसात दहा थापा मारायचा, पण हे मात्र खरं बोलला.

म्हस्कूच्या पोराचं, दत्ताचं मन कधीच या गाडीवर बसलं होतं. डिझेल, चौदाचं अ‍ॅव्हरेज, आणि रंग असा की राजुरीच्या चौकातून नेली तर माणसं वळून बघतील. शेजारची दहा शिटांची तिच्यापुढे अगदीच गरीब दिसत होती. मागे समोरासमोर बाकडी, अ‍ॅव्हरेज अकरा. अकरा म्हणताना दत्ता असं तोंड करायचा, जणू घरात कुणी नापास झालंय.

दत्ता स्टिअरिंगवर बसला. शेजारी म्हस्कू, टोपी सारखी करून. मधल्या शिटेवर आई गजराबाई आणि दत्ताची बायको. मागच्या शिटेवर दत्ताची दोन्ही पोरं चढली आणि लगेच उड्या मारायला लागली. एक जागा उरली. ती पाव्हण्यारावळ्यासाठी, असं दत्ता म्हणाला.

दत्ताची बहीण आरती आपल्या सृष्टीचं बोट धरून गोठ्याच्या भिंतीशी उभी होती. तिला कुणी बस म्हणालं नव्हतं. दिवाळीच्या आधी ती सासरहून आली. अजून तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, वेणी गजराबाई घालून द्यायची. आपण परत नांदायला जाणार नाही हे तिने दोन महिन्यांत इतक्या वेळा सांगितलं होतं, की घरात ते कुणाला ऐकूच येईनासं झालं होतं. म्हस्कूने तर व्याह्यांना शब्द देऊन टाकला होता, पोर आणून सोडतो म्हणून.

बहिरूला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने सहज विचारलं, "ताई, तुमी नाय बसत?"

"तिला मोजणीत धरू नको," दत्ता खिडकीतून म्हणाला. "येत्या आइतवारी ह्याच गाडीतून तिला पोचवायची हाय. पहिली फेरी तीच."

आरतीने सृष्टीला जवळ ओढलं. आवाज चढवला नाही तिने.

"न्या की. पन तिथं मी गाडीतनं उतरायची न्हाई."

दत्ता हसला. बाकी कुणी हसलं नाही. गजराबाईने लुगड्याचा पदर खोचला आणि ती गाडीतून खाली उतरली. दत्ताला वाटलं, शीट टोचली असेल. बस गं आये, तो म्हणाला, सगळं मोजून घेतलंय, सहा माणसं, एक शीट शिल्लक.

"माप चुकलंय तुझं," गजराबाई म्हणाली.

या घरात मोजायचं काम बाईचं नव्हतं. खळ्यावर बाजरीची रास पडली की पायली म्हस्कूच्या हातात असायची. चाळीस वर्षं गजराबाईने पोत्याचं तोंड धरलं, माप कधी हाती घेतलं नाही. रास मोजताना पहिल्या पायलीला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. घरात भर पडावी म्हणून तो शब्द आधी. गजराबाईने तो नुसता ऐकला होता. आणि सासर सोडून आलेल्या लेकीला तर तो कुणीच लावत नाही. अशा लेकीला लोक काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे, इथे लिहायची गरज नाही.

गजराबाई भिंतीपाशी गेली. तिने आरतीच्या डोक्यावर हात ठेवला.

"लाभ," ती म्हणाली.

मागच्या शिटेवरच्या उड्या थांबल्या. दत्ताच्या बायकोने सासूकडे बघितलं, मग खाली बघितलं. गजराबाईने हात सृष्टीच्या डोक्यावर नेला.

"दोन."

बहिरू शेतकऱ्याच्याच पोटचा. त्याने जाऊन दहा शिटांच्या गाडीचं मागचं दार उघडलं.

म्हस्कू पुढच्या शिटेवर तसाच बसून होता. त्याला दाराची कडी सापडेना. दोनदा चाचपडला, तिसऱ्यांदा दार उघडलं आणि तो उतरला. आता म्हातारा बायकोला चार माणसांत बोलणार, असंच सगळ्यांना वाटलं. आरतीलाही वाटलं, कारण तिने सृष्टीला आपल्या मागे घेतलं. म्हस्कू अंगण ओलांडून आला. त्याने नातीला पुन्हा पुढे घेतलं आणि तिच्या शेजारी भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"तीन," तो म्हणाला.

दत्ता गाडीतूनच बोलायला लागला. आबा, तुम्ही त्या लोकांना शब्द दिलाय, आइतवारी ते वाट बघतील, चार माणसांत आपली...

"रास मोजताना मधी बोलत न्हाईत," म्हस्कू म्हणाला. "उतर खाली. तू चार."