निघतानाची समई

"सावकाश रे," सासूबाई मागच्या सीटवरून मुलाला दहाव्यांदा म्हणाल्या. गाडी जेमतेम चाळीसवर होती. एरवी गाडी सुटताच घोरायला लागणारी ही बाई आज माझ्या शेजारी पदर पिळत बसली होती. सीटचा पट्टा मात्र नेहमीसारखा लोंबतच होता. "निघताना देवापुढे समई लावते ना मी, मग पट्टा कशाला?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

समई! बंद घर, लाकडी देव्हारा आणि त्याला लागूनच खिडकीचा पडदा. "अहो, थांबवा गाडी! समई तशीच जळतेय घरात!" किल्ली समोरच्या तांबोळीवहिनींकडे होती. मी घाईघाईने फोन काढला.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "नको. विझवलीय मी."

"निघताना?"

"तुम्ही सामान चढवत होतात. पडदा सारखा ज्योतीकडे जात होता. राहवलं नाही, फुंकर मारली." त्यांचे डोळे भरले. "वाटेला लागताना दिवा मालवला गं मी."

मी फोन परत पर्समध्ये ठेवला. आंबा घाटाची पाटी दिसली, तशा त्या दचकून सरळ बसल्या.

"सूनबाई, तो पट्टा दे इकडे. लावतात कसा?"