तेच इंजेक्शन
पायात नव्या रक्तवाहिन्या फुटवणाऱ्या औषधापायी डॉक्टरीणबाईंची उमेदीची वर्षं गेली होती. निम्म्या रुग्णांना औषध टोचलं, निम्म्यांना मीठपाणी; कोणाला काय, हे खुद्द बाईंनाही ठाऊक नव्हतं. आज उलगडा झाला आणि सगळं मुसळ केरात गेलं. दोन्हीकडे सारखाच गुण आला होता. त्या चरफडत बसल्या असताना प्रयोगातले एक रुग्ण, गवंडीकाका, धाकट्या भावाला पाठुंगळी घेऊन आत आले. पूर्वी चार पावलांवर यांचीच पोटरी भरून यायची. त्यांनी भोक पडलेला बूट कौतुकानं दाखवला. “रोज चालायला सांगितलंत, चाललो. बूट गेला, पाय वाचला. आता याच्या काळ्या पडलेल्या पायालाही तेच इंजेक्शन द्या.” “काका, तुम्हाला मीठपाणीच टोचलं होतं.” “द्यायचं नसेल तर सरळ नाही म्हणा, बाई. थापा कशाला मारता?” भावाला पाठीवर घेऊन काका तणतणत, एकदाही न थांबता जिना उतरले.