आधी हात सांग

शिकाऊ डॉक्टर मुलीचे दोन्ही हात अडकले होते, म्हणून वायरलेसचा संच बाळंतिणीच्या सासूने तिच्या कानाशी धरला होता.

एका हाताची मूठ आतून, दुसरा हात वरून पोटावर, आणि दोन्हींच्या मधे गर्भाशय आवळून धरायचं. सोडलं की रक्त. डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या त्या मुलीने हे आजवर फक्त रबराच्या पुतळ्यावर केलं होतं, आणि तेव्हा मैत्रिणी मागे उभ्या राहून खिदळत होत्या. खालच्या आरोग्य केंद्राच्या मोठ्या डॉक्टर, मॅडम, तिला आगगाडी म्हणत. बोलायला लागली की मधे स्टेशनच नाही, म्हणून. पुढे सगळेच तिला आगगाडी म्हणू लागले.

बाळ दुपारी झालं होतं, ठणठणीत. कोपऱ्यात आत्याच्या मांडीवर टाहो फोडत होतं. वारही पूर्ण पडली होती. मग रक्त सुरू झालं ते थांबेचना. इंजेक्शन देऊनही नाही. आरोग्य शिबिरातला तिचा जोडीदार सकाळीच दोन पेशंट घेऊन खाली तालुक्याच्या दवाखान्यात गेला होता, आणि त्याच्या पाठोपाठ घाटात दरड कोसळली होती. आता ना गाडी वर येणार, ना कोणी खाली जाणार. डोंगरवस्तीवरची एका खिडकीची खोली, एक खाट, आणि दारात उभी अख्खी वस्ती. दार कोणी मोकळं सोडत नव्हतं.

खालच्या केंद्रावर आज माणसं तीनच. मॅडम, शिपाईकाका आणि सुट्टीला आलेली मॅडमची लेक. बाकीचे सगळे वस्त्यांवर पांगलेले. लेक शाळेत गणित शिकवायची. रक्त पाहिलं की तिला भोवळ येई, आणि मॅडम चारचौघांत म्हणत, माझ्या पोटी हे कुठून आलं कोण जाणे. सुट्टीभर ती आईच्या जुन्या टिपणवह्या सुवाच्य अक्षरात उतरवत बसली होती, कारण मॅडमचं अक्षर आता मॅडमनाही लागत नसे.

तीन वाजता आगगाडीने पहिल्यांदा बटण दाबलं, तेव्हा शिपाईकाका बोलले. तिने एका दमात सगळं सांगितलं. काका थांब म्हणाले, आणि मग बराच वेळ नुसती खरखर. मॅडम जेवत असतील, हात धूत असतील, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

मग आवाज आला. बसका, धीमा. त्या यंत्रातून सगळ्यांचेच आवाज सर्दी झाल्यासारखे येत.

"आधी हात सांग."

तिच्या जिवात जीव आला. मॅडमचा तो नियमच होता. वस्तीवरून कोणीही बोललं की आधी हात काय करताहेत ते सांगायचं, मग डोळ्यांना काय दिसतंय, मग तुला स्वतःला काय करावंसं वाटतं. त्यानंतरच मॅडम तोंड उघडत. यम न्यायला आला तरी मॅडम त्यालाही आधी हात सांगायला लावतील, असं पोरं म्हणत.

तिने हात सांगितले. दिसत होतं तेही सांगितलं.

"आणि तुला काय वाटतं?"

"मूठ घालून दाबून धरावं लागेल. पण मी कधी..."

खरखर. कागद उलटल्यासारखा आवाज.

"धर."

तेव्हापासून ती अशी अडकली होती. पाऊण तास होत आला. दंड बधिर झाले होते, बोटं आपली वाटत नव्हती. पकड जरा सैल केली की पुन्हा तेच. बाळंतिणीचे ओठ पांढरे पडले होते.

"मॅडम, तुम्ही येताय ना?"

"दरड आहे. पण मी इथून हलत नाही. जराही हलणार नाही."

मॅडमनी आज एकदाही आगगाडी म्हटलं नव्हतं. एकदाही रागावल्या नव्हत्या. केस हातची चालली की मॅडम रागवायच्या थांबतात, हे तिला माहीत होतं. आता सोडते, नाही जमत, असं ती पुटपुटली.

सासू म्हणाली, "मी हे धरलंय ते सोडलं का, बाई?"



पलीकडे पानं उलटत होती. एक, दोन, बरीच. मग आवाज घाईने आला, "तिला लघवी कधी झाली?"

आगगाडी चमकली. सकाळपासून झाली नव्हती. मूत्राशय तुंबलेलं असलं की गर्भाशय आवळत नाही, हे तिने परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते आणि इथे साफ विसरली होती. तिने संच खाटेवर ठेवायला सांगितला, सासूचा हात पोटावर कुठे दाबायचा ते दाखवलं, मूठ काढली, धुतली, हातमोजे बदलले आणि नळी घातली. भांडं भरत गेलं. सासूच्या तळव्याखाली काहीतरी हळूहळू घट्ट होत गेलं.

"दगड लागतोय," सासू म्हणाली.

रक्त थांबलं होतं. तिने संच उचलून ते सांगितलं. पलीकडून कोणीतरी खूप लांब श्वास सोडला.

"आता हात धू," आवाज म्हणाला, आणि बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरड हटली. जीपमध्ये बाळंतीण, बाळ आणि सासू. शेजारी आगगाडी, मॅडमना काय आणि कसं सांगायचं याची मनात उजळणी करत. आज शिव्या खायच्याच, लघवीचं विसरल्याबद्दल. त्या पोटभर खायला ती तयार होती.

शिपाईकाकांनी बाळंतिणीला ओसरीवरच्या खाटेवर निजवलं. मग ते आतल्या दारात आडवे उभे राहिले.

"एकदम आत जाऊ नकोस, पोरी. मॅडमना आतच ठेवलंय. काल दीड वाजता गेल्या, जेवता जेवता. रस्ता खालीही बंद, कोणाला बोलवायचं?"

त्यांच्या पाठीमागे वायरलेस खरखरला. कुठल्याशा वस्तीवरून कोणीतरी रडवेलं होऊन घाईघाईने बोलत होतं. सुवाच्य अक्षरातल्या वहीचं पान उलटलं, आणि बसक्या, धीम्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "आधी हात सांग."