पाच किलोची रांग

"लाज नाही वाटत, हणमंत?" मार्टच्या दारातच विमलाबाई कडाडल्या. "नागुबाईच्या दुकानातल्या ज्वारीवर वाढलास, आणि आज इथं रांगेत?"

रिक्षावाल्या हणमंतानं मान खाली घातली. शाळेतही तो असाच उभा राहायचा. "भाव कमी आहे, टीचर."

कमी असणारच! हुबळीत उतरलेल्या या कंपनीची रीतच ती. स्वतः तोटा खाऊन ज्वारी विकायची, शेजारचं दुकान बसवायचं, मग भाव चढवायचा. कलघटगीत तीन दुकानं अशीच गिळली मेल्यांनी. आता इथं कमरीपेठेत नागुबाईची पाळी. माणशी पाच किलोच मिळायची, तरी रोज सकाळी अख्खी गल्ली पिशव्या घेऊन हजर!

"रश्मी, तूसुद्धा? तुझ्या लग्नाला पोतंभर तांदूळ कुणी दिला गं?"

रश्मी ओढणीशी चाळा करत राहिली.

"खाल्ल्या घरचे वासे मोजणारे सगळे!"

मॅनेजर संजीव हसत बाहेर आला. "लोकांना घेऊ द्या हो, मॅडम. ते दुकान फार तर दोन महिने टिकेल."

हेच त्यानं दिवाळीतही सांगितलं होतं. विमलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण रांगेतून एकही जण हलला नाही. कुणाची बाजू घेऊन भांडायचं या गावात?

दुपारी जेवायला बसल्या, पण ताट तसंच सारून त्या नागुबाईकडे निघाल्या. दुकानात चिटपाखरू नव्हतं. नवऱ्यामागं तीस वर्षं एकटीनं चालवलेलं दुकान, आणि आज ही दशा! गल्ल्यावर नागुबाईही नव्हती. हाका मारत त्या आत शिरल्या आणि मागच्या दारापाशी पोचल्या.

अंगणात हणमंताची रिक्षा उभी होती, मार्टच्या पिशव्यांनी काठोकाठ भरलेली. तो एकेक उतरवत होता. रश्मी ज्वारी पोत्यात ओतत होती, आणि नागुबाई पोत्याचं तोंड शिवत सांगत होती, "ही सहा पोती खानावळींना. आपल्या नेहमीच्या भावानं."

"अय्यो!" विमलाबाई उंबऱ्यातच थिजल्या. "म्हणजे सगळी गल्ली... आणि मला एकानंही सांगू नये?"

नागुबाईनं दाभण खाली ठेवलं.

"कसं सांगणार, अक्का? तुम्ही रोज दारात जीव तोडून भांडता, म्हणून तर त्या मॅनेजरला संशय येत नाही. उद्या जरा लवकर या."